एकतीस नंबरचा सेल

पहिल्यांदा गाडी मेली तेव्हा आम्ही चढावर होतो.
मागे मेंढ्यांनी भरलेला ट्रक,
डावीकडे दगडी कुंपण, उजवीकडे दरी,
आणि इडवालच्या पायाखालचं पेडल
अचानक नुसतंच पेडल झालं.

राखणीला बसवलेल्या सर्किटने
आपलं काम चोख केलं होतं.
अठ्ठेचाळिसांतला एकतीस नंबर
अडीच व्होल्टला टेकला,
आणि त्याने कुणाला न विचारता
मुख्य कॉन्टॅक्टर तोडला.
बॅटरी वाचली.
आम्हीही वाचलो, ते ट्रकवाल्याच्या ब्रेकमुळे.
खाली उतरून तो वेल्शमध्ये जे बोलला
ते चॅपेलच्या इतक्या जवळ बोलायचं नसतं.

त्या रात्री गॅरेजात
तीस वर्षं स्लेटच्या खाणीत विजेची कामं केलेला माझा नवरा
कॉन्टॅक्टर उघडून बसला.
आतल्या तांब्याच्या टिकल्या काळ्या पडलेल्या,
एका कडेने मेणासारख्या ओघळलेल्या.
"भरल्या करंटवर तोडलं की ठिणगी अशी लांब ओढली जाते.
आणखी एकदोनदा झालं तर या एकमेकींना चिकटतील.
मग बंद करायचं म्हटलं तरी होणार नाही."
मला वाटलं, माझ्याकडे बघून बोलतोय.
तो टिकल्यांकडेच बघत होता.

मग महिनाभर जेवणाच्या टेबलावर तारा.
सुपाच्या वाडग्यात एकदा रिले सापडला.
नवी रीत त्याने पाकिटाच्या मागे लिहिली होती:
आधी बझर.
मग पेडल थोडं थोडं मऊ,
चढ चढेल, पण ओव्हरटेक होणार नाही एवढं.
माणसाला कडेला जायला वेळ.
करंटचा काटा शून्यावर आला,
की मगच तोडायचं.

"आणि धूर निघाला तर?"
"त्याला लाल बटण. ते कुणाला विचारत नाही."
बिस्किटाएवढं बटण, माझ्या हाताला येईल असं बसवलेलं.
तेवढं मला आवडलं.

रविवारी मुद्दाम बॅटरी उतरवायला निघालो.
वही माझ्या मांडीवर, मी आकडे टिपत होते.
एकतीस नंबर: दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक आठ.
बझर वाजला, म्हाताऱ्या बदकासारखा.
गाडीने जोर सोडला, पण हात सोडला नाही.
दिवे चालू, ब्रेक जागेवर,
कसलीही घाई न करता आम्ही वळणापुढच्या मोकळ्या जागेत शिरलो.
त्याने पाय उचलला. काटा शून्य.
टक्.
एवढासा आवाज,
कुणी कपाटाचं दार हलकेच लोटावं तसा.

आता पाच मिनिटं हात लावायचा नव्हता.
कॅपॅसिटरला अजून कळलेलं नसतं
की गाडी बंद झालीय.
इडवाल बॉनेट उघडून उभा, हातांत रबरी मोजे,
मीटर समोर, डावा हात सवयीने खिशात.
पन्नास वर्षांच्या संसारात
तो पाच मिनिटं एका जागी उभा राहिलेला
मी पहिल्यांदाच पाहत होते.

म्हणून म्हटलं,
"मी लोकरीचं दुकान बंद करतेय."

तो वळला नाही. "कधी?"
"एकदम नाही. नवा माल मागवणं थांबवलंय.
मंगळवार-बुधवार शटर पाडते.
सुया सगळ्या विकल्या गेल्या, की झालं."

वारा. मेंढ्या. मीटरवर नव्वद, मग सत्तर.

"बझर वाजला होता का?"
"मागच्या हिवाळ्यापासून वाजतोय.
बोटं सकाळी दहापर्यंत उघडत नाहीत."

काही बोलला नाही.
खाणीत वर्षानुवर्षं यंत्रांची कुरकुर ऐकणारा माणूस,
ही नेमकी त्याच्या कानावरून गेली.
खिशातला हात बाहेर काढला, पुन्हा आत घातला.

मी दार उघडून उतरायला लागले.
"थांब एलुनेड," मीटरकडे बघत तो म्हणाला,
"अजून एकतीस आहे. उतरू दे."

आम्ही थांबलो.
भाचा मेरिग ट्रॅक्टर घेऊन निघालाच होता, दोर विसरून.